पुलाउ उबीनच्या चिखलात खेकड्यांची शिरगणती

सिंगापूरला मी खरेदीसाठी गेले नव्हते. नव्वदच्या दशकात आमच्याकडून तिकडे गेलेला जो तो कॅमेरा नाहीतर टेपरेकॉर्डर घेऊन परतायचा. मी निघाले ती भाचीसाठी. मुग्धा तिथल्या विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचं संशोधन करत होती आणि सोमवारी तिला समितीपुढे उभं राहायचं होतं. काम पटलं तर पीएच.डी. करायची परवानगी आणि शिष्यवृत्ती, नाही पटलं तर अभ्यास तिथेच संपला. तिच्याबरोबर मोजणी करणारी मैत्रीण नेमकी मी पोचले त्याच दिवशी तापाने आडवी झाली.

"मावशी, तू प्राणिशास्त्र शिकवतेस. शनिवारी माझ्याबरोबर खेकड्यांची बिळं मोजशील?"

कोकणातल्या खाड्यांसाठी गावोगाव सभा गाजवणारी बाई मी. मोजणार नाही तर काय करणार?

शनिवारी सकाळी वुडलँड्सच्या फ्लॅटमधून मुग्धा, तिचे बाबा आणि मी निघालो. भावोजी बोटीवरचे मरीन इंजिनिअर, तेव्हा सुट्टीवर होते. खेकडे मोजायला पदवी कशाला लागते, हा त्यांचा जुना प्रश्न. एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, तानाह मेराह, तिथून बसने चांगी व्हिलेज. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, भावोजींनी नासी लमाक हा नारळाच्या दुधातला भात हाणला, मी कोपी, म्हणजे तिथली कॉफी घेतली. तुम्ही जाल तेव्हा पोटभर खाऊनच पुढे जा. समोरच्या उबीन बेटावर शहाळ्याशिवाय फारसं काही मिळेल याचा भरवसा धरू नका.

उबीनची बमबोट, लहानशी लाकडी मोटरहोडी, बारा माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. आम्ही तिघंच. मुग्धाची नजर घड्याळावर. ओहोटी लागलेली होती आणि सोमवारच्या आधी दिवसाउजेडी एवढी खोल ओहोटी पुन्हा नव्हती.

"वेट लाह, आंटी," नावाडी मला म्हणाला.

"मुग्धे, ओहोटी तुझ्या बापासाठीही थांबत नाही," भावोजी म्हणाले, "आणि बाप इथेच बसलाय."

तिने रिकाम्या जागांचे पैसे भरले. बोटीत मला एकदाच बजावलं, "दोन जागा आहेत. त्यांत फरक काय ते विचारायचं नाही. मला तो माहीत आहे, म्हणून माझी एकटीची मोजणी समिती धरत नाही. दुसरा डोळा कोरा लागतो. तोंडाशी ताज्या चिखलाच्या गोळ्या असतील, म्हणजे आत खेकडा जिवंत असेल, तेवढीच बिळं मोज."

चिखलात चपला घालून जाऊ नका. पहिल्याच पावलाला गिळतो. नाडीचे कॅनव्हासचे बूट घाला. खारफुटीच्या मुळांतून पहिल्या जागी पोचलो आणि मला झाडीतून आलेला एक जाड, काळपट पाइप दिसला. वर कोळंबीची तळी असल्याचं भावोजी वाटेत बोलले होते. माझं डोकं फिरलं. कोकणातल्यासारखंच इथेही तळ्यांचं घाण पाणी सरळ खारफुटीत! मुग्धाने दिलेली मोजणीची चौकट चिखलावर टाकून मी तिच्या आतली बिळं मोजत सुटले. दुसरी जागा पलीकडे, हिरवीगार. तिथेही मोजलं.

मुग्धाने दोघींचे आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि तिचा चेहरा उतरला. पाइपाजवळ माझी बिळं तिच्या निम्मीसुद्धा नव्हती. पलीकडे मात्र तिच्यापेक्षा कितीतरी जास्त.

"मावशी, तुला कोणी काही सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? पाइप दिसतोय की!"

भरतीचं पाणी मुळांना लागलं होतं. काठावर शहाळं पीत बसलेल्या भावोजींना तिने हाक मारली. "बाबा, पँट दुमडा आणि या. तुम्हाला या दोन जागांबद्दल काही वाटतं का?"

"मला फक्त जेवण कधी, एवढंच वाटतं."

"उत्तम. उतरा."

मी त्यांना समजावायला तोंड उघडलं. "मावशी, एक शब्द नाही!" माझ्यावर असं कोणी ओरडलेलं मला आठवत नाही. भावोजी वाकले. एकेका भोकाशी बोट नेऊन, इंजिनचे बोल्ट तपासावेत तसे मोजत राहिले. पाणी घोट्यावर आलं, मग पोटरीवर. शेवटची चौकट उचलली तेव्हा तिची एक कड बुडाली होती.

"काय मेहुणीबाई, आज सभा नाही?" वर येताना त्यांनी टोमणा मारलाच.

त्यांचे आकडे मुग्धाच्या आकड्यांशी जुळले. परतीच्या बोटीत तिने सांगितलं, "तो पाइप कधीचा बंद आहे. तळ्याचं पाणी चरातून येतं, पलीकडच्या जागेत. तू जिला स्वच्छ समजलीस तिथे."

पाइपाजवळ शंका आली ते प्रत्येक बीळ मी मेलेलं ठरवलं होतं आणि पलीकडे नुसता खड्डासुद्धा जिवंत. माझी मोजणी धरली असती तर त्या चरात खेकडे सुखाने नांदताहेत असं सिद्ध झालं असतं. खारफुटीच्या शत्रूला माझ्याइतका चांगला वकील मिळाला नसता.

सोमवारी समितीने सर्वांत जास्त वेळ एकच विचारलं, दुसरा मोजणारा कोण? मुग्धा म्हणाली, "माझे वडील. त्यांना यातलं काही कळत नाही." हशा झाला आणि परवानगी मिळाली. भावोजींनी ते वाक्य बक्षिसासारखं चार घरी सांगितलं.

राग सोडा असं मी कोणालाही सांगणार नाही. रागाशिवाय चिखलात उतरतं कोण? पण गुन्हा सिद्ध करायचा तर आपला राग साक्षीदारांपासून दूर ठेवावा लागतो, हे मी उबीनला शिकले.

घरी परतल्यावर त्याच हिवाळ्यात कॉलेजच्या मुलींना आमच्या खाडीवर नेलं. चौकटी वाटल्या. एकीने विचारलं, "मॅडम, घाण पाणी कुठून येतं?" व्यासपीठावरून हजारदा ओरडून सांगितलेलं उत्तर जिभेवर आलं. "आधी मोजा," म्हणाले आणि त्यांचं होईपर्यंत बांधापलीकडे, पाठ करून बसले. त्यांना माझ्या चेहऱ्यावरूनही कळलं असतं.