दत्तूभाऊंच्या भिंतीवरचे हार

महिन्यातून एकदा मी केस कापायला दत्तूभाऊंच्या सलूनमध्ये जातो, आणि महिनाभरात कोण कोण गेलं ते मला तिथल्या भिंतीवर कळतं. आरशाच्या वर जुन्या नटनट्यांचे फोटो ओळीने लावलेले आहेत. त्यांतलं कुणी गेलं की दत्तूभाऊ त्या फोटोला चंदनाचा हार घालतात. ज्याच्यासारखी झुलपं मी कॉलेजात ठेवली होती, त्या नटाला या महिन्यात हार चढला. माझी झुलपं तर केव्हाच गेली होती. मोठं माणूस गेलं की गावभर हळहळ होते, आणि ती ओसरायच्या आत पुढचं कुणीतरी जातं.

मागे एकदा मोबाइलवरच्या अफवेवर विश्वास ठेवून त्यांनी एका धडधाकट खलनायकाला हार घातला होता. संध्याकाळी तो टीव्हीवर हसताना दिसला. "आयुष्य वाढलं त्याचं," म्हणत दत्तूभाऊंनी हार उतरवला, पण तेव्हापासून नियमच केला. पेपरात छापून आल्याशिवाय हार नाही.

या खेपेला ओळीच्या शेवटी एक नवा फोटो होता. शारदावहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. मागच्या दाराने चहा आणून देणाऱ्या वहिनी तीन आठवड्यांपूर्वी गेल्या. दहाव्याला मी घाटावर होतो. फोटोला हार नव्हता.

मी तिकडे बघतोय हे दत्तूभाऊंना आरशात दिसलं. कात्री थांबली.

"तिचं पेपरात कुठं आलंय, साहेब?" ते म्हणाले, आणि मानेवरचे केस कापायला त्यांनी माझं डोकं हळूच खाली वाकवलं.