शूची बाटली

आमच्या दवाखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत. दाराशी नुसतं बसून राहिलं तरी ते अंगावर येतात, कडेवरचं पोर न सांगता अंगावर मुततं तसे.

अंबरनाथ पूर्वेला लहान मुलांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे मी दारावर असतो. सगळे मला मामा म्हणतात. पोराला ताप आहे, पण सर्दी नाही, खोकला नाही, कारण सापडत नाही, असं झालं की बाई म्हणतात, "लघवी तपासू. मामा, बाटली द्या." तिथून आईबापांची परीक्षा सुरू होते. तान्ह्या पोराला 'कर' म्हणून कोण सांगणार?

* * *

आनंदनगरच्या एका कंपनीतले साहेब बाटली घरी घेऊन गेले आणि काठोकाठ भरून घेऊन आले.

बाईंनी बाटली उजेडात धरली. "एवढ्याशा बाळानं एवढी केली?"

"नाही मॅडम, तो करतच नव्हता. मोठ्याची आणली. सख्खा भाऊ आहे, रक्त एकच."

* * *

उल्हासनगरच्या एक सिंधी आजी होत्या, कापडाच्या दुकानातल्या. नातवानं केली ती जेमतेम तळाला. उभ्या जन्मात त्यांनी गिऱ्हाइकाला कमी माप दिलं नव्हतं, इथे कसं देतील?

"थोडा कम था बेटा, पानी डालके पूरा कर दिया." बाईंचा चेहरा बघून त्यांनी लगेच धीर दिला, "फिल्टर का पानी है."

* * *

बदलापूरच्या एका नव्या बापानं तर डायपर पिळून आणला. "एक थेंब वाया जाऊ दिला नाही, मॅडम."

बाई त्याच्यावर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, डायपरमधले, हाताचे, सगळे जंतू यात आले. आता बाळाच्या पोटातले कुठले, ते कसं ओळखू? आधी धुवायचं, पहिली धार सोडायची, मधली धरायची."

तो बिचारा पाठ करत करत जिना उतरला. "पहिली सोडायची, मधली धरायची..."

* * *

आणि या पालेगावच्या आजी.

नात नुकती बसायला लागलेली. अंग तव्यासारखं तापलेलं, दूध घेईना. सून रडकुंडीला आलेली. आजी मात्र ठाम. "दात येतान पोरीचे. दुसरा काय नाय."

"दातानं एवढा ताप येत नाही, आजी," बाई म्हणाल्या. "लघवीत जंतू असले आणि तसेच राहिले, तर किडनीला धोका. नमुना मिळाला की लगेच औषध सुरू करते."

पोरगी काही करेना. सुनेनं पाणी पाजलं. आजींनी "शूऽऽ" सुरू केलं. बाकावरच्या दुसऱ्या आयाही "शूऽऽ" करायला लागल्या. त्यांच्या मांडीवरची पोरं एकामागून एक मोकळी झाली. मी फडकं घेऊन फिरतोय, आणि ही टकामका बघतेय.

शेवटी बाईंनी गार पाण्यात बुडवलेला कापूस तिच्या ओटीपोटावर हळूहळू फिरवला. आणि धार लागली. आजींनी पहिली सोडली, मधली अशी अचूक धरली की बाहेर थेंब नाही.

जंतू निघाले. औषध लागू पडलं. दाखवायला आणली तेव्हा पोरगी खिदळत होती. मी गालाला हात लावायला गेलो, तर तिनं माझं बोट धरून कडकडून चावलं. खालच्या हिरडीत एक पांढरा दाणा.

आजी बाईंच्या खोलीकडे बघत मोठ्यानं म्हणाल्या, "मी बोलली व्हती का नाय?"

बाईंनी आतूनच हात जोडले.

परवा त्याच आजी पुन्हा दारात. या वेळी कडेवर शेजारणीचा नातू, तापानं लालबुंद. मागून शेजारीण धापा टाकत आली.

"याला काय झालं, आजी?" मी विचारलं.

"काय नाय, दात येतान," आजी म्हणाल्या आणि हात पुढे केला. "पयले बाटली दे."