सलमा चालत आली

त्या दिवसांत मी कृष्णावर रुसले होते. दिवा लावायचे आणि पाठ फिरवून उठायचे. माझं लहानपण खार्टुममध्ये गेलं. बाबा तिथल्या कापड गिरणीत इंजिनिअर होते. सलमा, नहला आणि मी शाळेत एकाच बाकावरच्या. पुढे सलमा आणि मी इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबा गावात येऊन पडलो, नहला तिथेच राहिली. मग सुदानमध्ये यादवी पेटली. सलमाचा भाऊ सैन्यात, नहलाचा भाऊ सैन्याविरुद्ध उठलेल्या दलात. सलमाचा भाऊ मारला गेला.

तिला भेटायला गेले तेव्हा तिने एवढंच विचारलं, "तू अजून नहलाशी बोलतेस?"

मी हो म्हटलं.

"मग माझ्या घरी येऊ नकोस."

तिचं तरी काय चुकलं? पण नहला पोरांना घेऊन घरात अडकलेली, तिला मी कशी तोडणार होते? तिच्याशी बोलत राहिले आणि सलमाला गमावून बसले. नंतर नहलाचाही फोन लागेनासा झाला.

एका रविवारी देवासमोर बसले, तर नाम ओठांवर येईना. ज्याला स्वतःच्या यादवांना आवरता आलं नाही, तो माझ्या मैत्रिणीला काय वाचवणार, असं मी त्याच्या तोंडावर बोलले. मग खूप रडले. रडून रडून भांडायचंही त्राण उरलं नाही, तेव्हा म्हटलं, तुला जमेल ते कर बाबा.

त्याच दुपारी दार वाजलं. दारात सलमा. तिला गाडी चालवता येत नाही आणि रविवारी इथे बसचा भरवसा नसतो. गावाच्या दुसऱ्या टोकाहून ती उन्हात चालत आली होती. पाणीसुद्धा न घेता तिने विचारलं, "नहलाचा फोन आला?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"माझा भाऊ तर गेला गं. ती तरी राहू दे," म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. मग तिने माझ्या देवघराशेजारीच नमाज पढली. मी मागे हात जोडून बसले.

याला चमत्कार म्हणा असा माझा आग्रह नाही. नहलाचा फोन अजून लागत नाही, आणि खरं सांगायचं तर माझी आशा तुटत चालली आहे. तरी त्या दुपारसाठी मी कृष्णाची ऋणी आहे. कोणी जिंकावं, कोणी वाचावं, हे आता मी त्याला सांगत नाही. सकाळी नहलाला त्याच्या पायाशी ठेवते, आणि रविवारी सलमाला आणायला गाडी काढते.