कठड्यावरचा लाल टॉवेल

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. मुलाला सांगितली नाही, धाकट्या भावाला नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवी होती, ती आत्ता आतल्या खोलीत मेथी निवडत बसली आहे. तिलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हासुद्धा भित्रेपणाच, नाही का? असो. भित्रेपणाचं पुढे येईलच.

मी केंद्र सरकारात पस्तीस वर्षं काढली, अवर सचिव म्हणून निवृत्त झालो. टिपणं लिहिण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, निदान ऑफिसात तसं म्हणत. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही तिथल्याच द्वारका भागातल्या सोसायटीत राहायला आलो. आम्ही म्हणजे मी आणि बायको, नलिनी. मूळची मिरजेची. तिने कधी नोकरी केली नाही. कोणी विचारलं की मी सांगायचो, ती काही करत नाही, घरीच असते. किती सहज सांगायचो!

सोसायटीच्या मागच्या गेटला लागून एक गल्ली आहे. गल्लीपलीकडे सेक्टरचं मार्केट. दुकानांची तोंडं मोठ्या रस्त्याकडे, पण माल उतरवायची शटरं आमच्या गल्लीत. आत ट्रक वळवायला जागा नाही, त्यामुळे मोठ्या रस्त्यावरून उलटाच घ्यावा लागतो. शिवाय मध्ये ट्रान्सफॉर्मरपाशी वळण. वळणामागे कोण उभं आहे, ते ड्रायव्हरला दिसत नाही. आणि शाळेची व्हॅन, दुधाला निघालेली माणसं, थंडीत दुपारच्या उन्हाला खुर्च्या टाकून बसलेली म्हातारी मंडळी, सगळी त्याच गल्लीत. रोज भांडणं व्हायची. एकदा व्हॅन आणि ट्रक पाऊण तास समोरासमोर अडकले आणि मुलांचा परीक्षेचा पेपर बुडाला. तेव्हा सोसायटीने ठरवलं की आता काहीतरी केलंच पाहिजे, आणि ते काम माझ्याकडे आलं.

मला कोण आनंद झाला होता! निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि पुन्हा एक फाइल. मी सात पानांचा आराखडा केला. कोणत्या दुकानाचा ट्रक कोणत्या वारी, किती वाजता, कोणाच्या परवानगीने. शिवाय तीन परिशिष्टं. मीटिंगमध्ये सगळे म्हणाले, वाह साहब. दुकानदारांनी प्रती घेतल्या. आठवड्याभराने मी गेटवर गेलो, तर गार्ड माझी सातही पानं लोखंडी खुर्चीवर अंथरून बसला होता. खुर्ची गार लागते म्हणून.

नलिनीने काय केलं? काहीच नाही, असं मी तेव्हा म्हणालो असतो. आमची बाल्कनी दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्याला. तिथून मोठ्या रस्त्याचं तोंड दिसतं आणि वळणामागची गल्लीही दिसते. एके सकाळी तिने कठड्यावर माझा जुना लाल टॉवेल टाकला, खाली गेली, आणि रस्त्यावर थांबलेल्या ड्रायव्हरला आपल्या त्या मिरजेच्या हिंदीत म्हणाली, "भैया, वो ऊपर देखो. लाल टॉवेल है तो बाहर रुकने का. हरा है तो आने का." हिरवं म्हणजे तिच्या फाटक्या हिरव्या पातळाचा अर्धा तुकडा. बस, एवढीच योजना.

पंधरा दिवसांत गल्ली शांत झाली. तिला सगळं ठाऊक असायचं: व्हॅन कधी येते, कोणाच्या गुडघ्याची मालिश कधी संपते, सिलिंडरवाला कोणत्या दारात उभा आहे. हातातलं काम टाकून ती बाल्कनीत जायची, खाली बघायची, कापड बदलायची. ड्रायव्हर एकमेकांना सांगायचे, आंटीजी का झंडा देख लेना. त्यांच्या मुलींची नावंसुद्धा तिला पाठ होती.

आणि मी? माझ्या पोटात दुखू लागलं. दुसरा शब्द नाही. तुम्ही म्हणाल, स्वतःच्या बायकोचा कोणी मत्सर करतो का? मीही आधी असंच म्हणायचो स्वतःला. पण माझ्या नावाच्या पाटीखाली उभं राहून लोक विचारायचे, "आंटीजी हैं?" मी दार उघडायचो आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून आत जायची. गुरुग्रामहून मुलाचा फोन यायचा, तो म्हणायचा, "बाबा, आईला द्या ना. यार, आई तर हिट झालीये." शेजारच्या सेक्टरची माणसं ही पद्धत बघायला आली, तेव्हा त्यांना चहा मी नेऊन दिला. वार्षिक सभेत अध्यक्ष मल्होत्रा भर सभेत म्हणाले, "साहब के सात पन्ने एक तरफ, भाभीजी का एक तौलिया एक तरफ." सगळे हसले. मीही हसलो. नलिनी हसली नाही, तिने माझ्याकडे पाहिलं. घरी येताना म्हणाली, "तुमची पानं वाचूनच मला सुचलं हो." खोटं होतं ते. माझं मन राखायला बोललेलं. त्याचाच मला जास्त राग आला — समजतंय का तुम्हाला? तिने माझी कीव केली याचा.

तेव्हापासून मी तिला पाण्यात पाहू लागलो. तोंडावर काही नाही. चहा गार आहे, भाजीत तिखट जास्त आहे, असलं काहीतरी. तिला वाटायचं, निवृत्तीमुळे चिडचिड होते आहे.

मग जानेवारी आला. एका सकाळी मल्होत्रा स्वतः घरी आले. छब्बीस जनवरीचं झेंडावंदन यंदा भाभीजींच्या हस्ते, असं कमिटीने ठरवलं होतं. आदल्या वर्षी तो मान माझा होता. सोसायटीतला एकुलता एक गॅझेटेड ऑफिसर म्हणून. मी म्हणालो, "अच्छा, बिल्कुल, बहुत बढ़िया." नलिनी लाजली. साडी कोणती नेसू, असं दोनदा विचारलं तिने मला.

त्याच दुपारची गोष्ट. थंडीत बारा ते अडीच लाल टॉवेल, हा नियम ठरलेला होता, कारण तेव्हाच गल्लीत ऊन येतं आणि म्हातारी माणसं येऊन बसतात. तिने बारा वाजता लाल टॉवेल टाकला होता. मी पाहिला होता. तिने तो कठड्याला चिमट्याने अडकवला, खाली उन्हात बसलेल्या शेजारच्या म्हाताऱ्या वाधवा माताजींना हात केला आणि फुलके करायला आत गेली. मी बाल्कनीत पेपर वाचत होतो.

एक वाजता मी उठलो. टॉवेल काढला. हिरवा तुकडा तारेवरच होता, तो अडकवला. तोच चिमटा, तीच जागा. पुन्हा खुर्चीत बसलो आणि पेपर उघडला.

काय हवं होतं मला? कोणाला लागावं असं नव्हतं मनात, हे खरं आहे. पण खरं असून काय उपयोग? एक ट्रक यावा, म्हाताऱ्यांनी आरडाओरडा करावा, कोणीतरी वर बघून म्हणावं, भाभीजी चुकल्या. बस, एवढंच ऐकायचं होतं. मी खाली ओरडून सांगू शकलो असतो. ट्रक उलटा आत शिरताना मला दिसत होता. तो वळणापर्यंत यायला मिनिटभर तरी लागलं असेल. मी पेपर वाचत राहिलो. म्हणजे पेपरकडे बघत राहिलो.

ट्रकचं मागचं फळकूट वाधवा माताजींच्या खुर्चीला लागलं. त्या विणत होत्या. हातातल्या सुयांसकट खाली पडल्या. उजवं मनगट मोडलं. जिवावरचं मनगटावर निभावलं, असं सगळे नंतर म्हणाले. त्यांनी पुढे कधी विणलं नाही.

सतबीर नावाचा हरयाणाचा ड्रायव्हर होता. तो उतरून वर बोट दाखवत एकच सांगत होता, "हरा था जी. हरा देख के ही गाड़ी डाली है." सगळ्यांनी वर पाहिलं. हिरवंच होतं. आवाज ऐकून नलिनी पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिने खाली पाहिलं, मग कठड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

आता ऐका. तुम्हाला वाटलं असेल, कापड बदललं हीच ती चूक. नाही. त्यापेक्षा मोठी चूक इथून पुढे आहे.

नलिनीच्या आईला शेवटची सहा वर्षं विस्मरणाचा आजार होता. मिरजेला गेलो की त्या स्वतःच्या लेकीला विचारायच्या, बाई, तुम्ही कोणाकडच्या? नलिनी दर वेळी रडून परत यायची. तिला आयुष्यात एकाच गोष्टीची भीती होती, की आपलंही तसं होईल. हे तिने एकाच माणसाला सांगितलं होतं. मला.

त्या दिवशी ती मला म्हणाली, "मी लाल लावला होता ना हो?"

अजूनही वेळ होती. एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "नाही गं. हिरवाच लावलास तू. मला वाटलं, काही कारण असेल."

तिचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही. ती खाली गेली, वाधवा माताजींच्या पायाशी बसली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मेरी गलती है. मैं भूल गई." त्या वेदनेतही माताजी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवून म्हणाल्या, "ना पुत्तर, रो ना." मी तिच्या मागे उभा होतो. लोकांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. आणि मला ते — सगळंच सांगायचं तर — बरं वाटलं.

दोन्ही कापडं तिने त्याच संध्याकाळी धुऊन, घडी करून कपाटात ठेवली. सव्वीस जानेवारीला झेंडा मी फडकवला. ती खाली आली नाही. माझी सात पानं लॅमिनेट होऊन मार्केटच्या मागच्या भिंतीवर लागली, शिट्टीवाला एक गार्ड ठेवला गेला. भांडणं पुन्हा सुरू झाली, पण आता त्याबद्दल नलिनीला कोणी काही विचारत नव्हतं. मलाही नाही.

तिने डॉक्टरकडे तपासण्या करून घेतल्या. मीच घेऊन गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे. तिचा विश्वास बसला नाही. बसणार कसा? डॉक्टरांनी कागद बघितले होते; नवऱ्याने तर डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून ती एकटी बाहेर जात नाही. फ्रिजवर चिठ्ठ्या असतात: गॅस, गिझर, कुलूप. कुलूप लावलं की ते मला ओढून बघावं लागतं. बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत ती एकही गोष्ट विसरलेली मला आठवत नाही. सतबीरच्या मुलींची नावं तिला आजही येतात. पण मी हो म्हणेपर्यंत तिला काहीच खरं वाटत नाही.

तिला सांगितलं तर ती त्या क्षणी सुटेल, हे मला बारा वर्षं माहीत आहे. ती सुटेल, आणि मग माझ्याकडे बघेल. ते बघणं मला नको आहे. कारण एवढंच आहे. दुसरं काही शोधू नका.

आज सकाळी वरणाला फोडणी दिल्यावर तिने हाक मारली, "अहो, मीठ घातलं का मी? तुम्ही बघितलंत?"

मी पेपर वाचत होतो. बघितलं नव्हतं. म्हणालो, "घातलंस."

चमचा तिच्या हातातच होता. तिने चव न बघताच वर झाकण ठेवलं.