बाळंतिणीची वाट

अकोल्याहून निघालेली गाडी वाशीमला पोचेपर्यंत मी दोनदा झोपलो आणि दोन्ही वेळा तेच माळरान बघत जागा झालो. वैशाखातलं ऊन, काळी भेगाळलेली रानं, मधूनच एखादा पिवळाधमक बहावा. दूरवर मृगजळ हलत होतं आणि त्यात चार बैल पाय बुडवून उभे असल्यासारखे दिसत होते. जागेपणी आपण इतकं सुंदर काही बघत नाही, असं वाटून मी पुन्हा डोळे मिटले.

मी पुण्याकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. सुटी लागली की वही घेऊन साप, सरडे, घोरपडी बघत हिंडतो आणि परतल्यावर एका मासिकात लिहितो. गेल्या वर्षी एका तळ्याकाठच्या घोरपडींबद्दल लिहिलं. लोकांनी वाहवा करावी म्हणून मैलाच्या दगडापासूनची वाटही सांगितली. वाहवा झाली. दिवाळीनंतर तिथे गेलो तर काठावर कातडी ताणायच्या खुंट्या तेवढ्या उरल्या होत्या. "लोकं तुमचा छापील कागद हातात धरूनच आले होते," तिथला गुराखी म्हणाला. त्या लिहिण्याची माझी शरम अजून गेलेली नाही. या खेपेला ठिकाण लिहायचं नाही, असं घरून ठरवूनच निघालो होतो.

मंगरूळपीरला दर्ग्याजवळच्या हॉटेलात चहा घेतला आणि खच्चून भरलेल्या मोटारीनं आसेगावला उतरलो. उतरताना चपलेचा अंगठा तुटला. एक चप्पल पायात, एक हातात, असा मी सुभद्राबाईंच्या बागेत शिरलो. साठीच्या या बाई वांगी, कांदे, मेथी पिकवून बाजाराला नेतात. शाळेतल्या एका मित्रानं त्यांच्या नावे चिठ्ठी दिली होती. बाईंनी ती न वाचताच पदरात बांधली.

"वाचता येत नाही मले. तुमीच सांगा, कायले आले एवढ्या उन्हात?"

"अजगर बघायला."

बाई उठून चुलीकडे गेल्या. मोटेचं पाणी पाटातून वाहत होतं. मग त्यांनी तुराट्यांवर (तुरीच्या वाळक्या काड्यांवर) वांगी भाजली, भरीत केलं, भाकर वाढली आणि मी जेवेपर्यंत माझ्याकडे टक लावून पाहिलं. मी तिसरी भाकर मागितली तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल झाला.

"अजगर नोको म्हनू. आमच्याकडे तिले बायंतीन (बाळंतीण) म्हनते. दर उन्हाळ्यात येते, अंडे घालते, लेकरं निघाले का जाते. मायेरीच येते ना ते. ती हाये तोवर त्या अंगाले कोनी लाकूड तोडत नाही, ढोरं चारत नाही."

"कुठे आहे ती?"

"बायंतिनीची खोली कोनी सांगते का परक्या मानसाले? नेतो तुमाले. पन सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. आधी बाईंनी माझ्या पायांवर पाणी ओतलं, बाळंतिणीच्या खोलीत शिरणाऱ्याच्या पायांवर ओततात तसं. मग आम्ही चाललो, आणि चालतच राहिलो. एकच ओढा तीनदा ओलांडला. एकाच बाभळीला दोन बाजूंनी वळसा घातला. मला फिरवताहेत हे कळत होतं, पण राग येत नव्हता. कोवळं ऊन, कुठेतरी तित्तिर ओरडतोय, पुढे बाईंचं हिरवं लुगडं. दिशांची मला शुद्धच राहिली नाही. शेवटी पूर्वेच्या टेकडीवर दोन बुंध्यांच्या एका चिंचेपाशी त्या थांबल्या. झाडामागे साळिंदराचं जुनं बीळ होतं.

आत ती होती. वेटोळ्यावर वेटोळं, वर टेकलेलं डोकं, आणि वेटोळ्यांच्या फटीतून दिसणारी पांढुरकी अंडी. डोळे उघडेच. मधूनच तिच्या अंगातून बारीक हिसके जात.

"थंडी वाजून राह्यली का तिले?" मी त्यांच्याच बोलीत कुजबुजलो.

"नाही जी. लेकराईले ऊब देऊन राह्यली."

माझे डोळे भरून आले, हे लपवत नाही. मग मी वही काढली आणि जसं दिसलं तसं सगळं उतरवलं. परतताना बाईंनी वेगळी वाट धरली. "कोनाले सांगान नाही ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

पण मी पडलो हौशी माणूस. संध्याकाळच्या मोटारीत वही मांडीवर उघडली गेली, आणि बघताबघता अख्ख्या मोटारीला मी अजगराची अंडी कशी पाहिली ते रंगवून सांगू लागलो. शेजारी पांढऱ्या टोपीतले एक गोरेगोमटे गृहस्थ होते. त्यांनी मला पान दिलं, चित्राची तारीफ केली.

"आमचा धंदाच हा हाये, मास्तर. घोरपड, अजगर, कातडे मुंबईले पाठवतो. मादी अंड्यावर बसली का पयत (पळत) नाही. लई सोपं काम." त्यांचं बोट चित्रातल्या झाडावर टेकलं. "हे दोन बुडाचं झाड मी पाह्यलं हाये कुठंतरी. कोनतं शिवार हे?"

पान तोंडातच राहिलं. नाव मी कुणालाच सांगितलं नव्हतं, पण झाड मात्र पानापानासकट काढून ठेवलं होतं.

"असं झाड नाहीच," मी म्हणालो. "मनानं काढलंय."

"अन् अंडे?"

"तीही. मी जन्मात अजगर पाहिलेला नाही."

मोटारीत हसण्याचा नुसता गदारोळ उठला. "मास्तर सपनात जाऊन आले!" मागून एक आजी म्हणाल्या. "होय, स्वप्नातच," मी म्हणालो. त्या गृहस्थांनी कीव आल्यासारखं बघत वही मिटून परत दिली. मास्तरकीच्या वीस वर्षांत मला कुणी थापाड्या म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी तीस जणांनी म्हटलं. कान तापले होते, पण आत कुठेतरी गार वाटत होतं. अंधार पडायच्या आत मी रबरानं ते झाड खोडून टाकलं.

आता घरी बसून हे लिहितोय. सुभद्राबाईंनी मला नेलं, तसंच मीही तुम्हाला फिरवून आणलं आहे. टेकडी पूर्वेला नाही. झाड चिंचेचं नाही. बाईंचं नाव सुभद्रा नाही, आणि आसेगावला मी फक्त चपलेचा अंगठा शिवून घेतला. रागावू नका. त्या तळ्याकाठच्या घोरपडींबद्दल मी अक्षरन् अक्षर खरं लिहिलं होतं.