गेले की गेल्या

दौंडच्या अल्लाबक्ष मिस्त्रींच्या हाताखाली जो कुणी शिकला, त्याचा पहिला पलंग खिळा न मारता नुसत्या सांध्यांवर पक्का बसला की ते त्याच्या हातात आपला रंधा देत आणि चारचौघांत हाक मारत, "या मिस्त्री!" कालपर्यंत 'ए पोरा' असलेला माणूस त्या दिवसापासून मिस्त्री. त्यांचा मुलगा आरिफही असाच मिस्त्री झाला आणि वर्षभरात रांजणगावच्या कंपनीत चिकटला. रंधा घरी टाकून! मला त्याचा फार राग आला होता.

कारण त्याची बहीण तहमीना माझी मैत्रीण. तिचा पहिला पलंग सत्त्याण्णव साली झाला. अब्बांनी तो हलवून पाहिला, कुरकुरला नाही. सांध्यावरून नख फिरवलं, अडकलं नाही. मग म्हणाले, "अच्छा है. अब चाय रख." आणि हिनं मुकाट्यानं चहा ठेवला. मी असते तर साखरेऐवजी भुसा घातला असता.

गिऱ्हाईक यायचं आणि भुशानं माखलेल्या तिलाच विचारायचं, "मिस्त्री हायेत का?" कुणी तिला मिस्त्रीणबाई म्हणायचं, म्हणजे मिस्त्रीची बायको. लग्नाचा पत्ता नाही आणि ही मिस्त्रीणबाई! लोकांचं ती हसण्यावारी न्यायची. तिला ती हाक एकाच तोंडून हवी होती. पुढे अब्बांचे हात थरथरू लागले. रंधा तिच्याकडे आला, पण तो कुणी दिला नव्हता. अब्बा दारात खुर्ची टाकून बसायचे. प्रत्येक पलंग उभा राहिला की ती एकदा दाराकडे बघायची. मला ते बघवत नसे.

दोन हजार चार साली अब्बा वारले. हाक राहूनच गेली.

चाळिसावं झाल्यावर तिनं काम पुन्हा सुरू केलं. मी तिथंच बसले होते. कासुर्डीचे साहेबराव कपाटाचं माप घेऊन आले.

"मागं बी येऊन गेलतो," ते म्हणाले. "तवा चाचा दारात बसले व्हते. म्हनले, मिस्त्री शिरूरला गेल्या, उद्या या."

तहमीनाची करवत थांबली. "काय म्हणाले?"

"उद्या या."

"त्याच्या आधी."

"मिस्त्री शिरूरला गेल्या."

"गेले म्हणाले का गेल्या?"

साहेबराव माझ्याकडे बघू लागले. बाईचं डोकं फिरलं की काय, असंच त्यांना वाटलं असणार. "गेल्या म्हनले. म्हून तर ध्यानात ऱ्हायलं. मला वाटलं, चाचांचं मराठी चुकलं."

"अब्बांचं मराठी कधी चुकत नव्हतं," ती म्हणाली. "मामा, अजून एकदा सांगा. ते म्हणाले तसंच."

साहेबराव भला माणूस. त्यांनी पुन्हा सांगितलं. ती सवयीनं दाराकडे बघत होती.