धार न लावलेली तलवार

जर्मन सैनिकांच्या जुन्या आखूड तलवारी ओळखण्यात माझ्या मामेसासऱ्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या ब्रिटनमध्ये नव्हता. जर्मनीत असलाच तर दोघांची गाठ पडली नाही, एवढंच. लेस्टरच्या हॉस्पिटलात तीस वर्षं एक्स-रे काढून रिटायर झालेले मामा तलवारही उजेडासमोर एक्स-रेसारखीच धरायचे. मुठीजवळच्या आडव्या दांडीवरचे आकडे वाचून रेजिमेंट सांगायचे, पात्याच्या पाठीवरच्या मुकुटावरून राजा. आमच्या लग्नात केकची सुरीसुद्धा त्यांनी आधी उलटी करून कारखान्याचा शिक्का शोधला होता. एका अँटीक फेअरमध्ये दुकानदाराने करवतीसारखे दात असलेलं पातं कौतुकाने पुढे केलं. मामा मला म्हणाले, "पातं जुनं आहे रे, पण दात नंतर बसवलेत. कवळी आहे ही!" मग त्यालाही त्यांनी ते इंग्रजीत समजावलं, अगदी पेशंटला सांगावं तसं, हळुवार.

दोन हजार सहाच्या सुमारास अशाच एका फेअरमध्ये एक इंग्रज म्हातारी टॉवेलात गुंडाळलेली तलवार घेऊन आली. तिच्या वडिलांनी ती पहिल्या महायुद्धातून आणली होती. "ते कधी त्याबद्दल बोलले नाहीत," ती म्हणाली. "त्यांनी हिने कोणाला मारलं असेल का? चाळीस वर्षं मी हिला हात लावला नाहीये."

मामांनी पात्यावरून अंगठा फिरवला. मग तिचा हात हातात घेऊन तिचाही फिरवला. बाई दचकली, पण बोट कापलं नाही.

"अशा तलवारी कारखान्यातून बोथटच यायच्या," मामा म्हणाले. "लढाईवर निघताना धार लावायचे. हिला कधीच लावलेली नाही. ही लढाईत गेलेलीच नाही. तुमच्या वडिलांना कुठल्यातरी शस्त्रांच्या कोठारात सापडली असणार."

बाई खुर्चीवर बसली आणि बराच वेळ रडली. मामांनी चहा आणला. तलवार विकत मागितली नाही; टॉवेलात नीट गुंडाळून परत दिली.

गाडीत मी न राहवून विचारलं, "मामा, नक्की ना?"

"तलवारीचं नक्की," मामा म्हणाले. "वडिलांचं मला काय माहीत?" जरा वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझेही फार बोलायचे नाहीत."

पुढचं विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात मोटरवे लागला, आणि मी रस्त्याकडे बघत राहिलो. आता मामा नाहीत.